तोलेकचा वाटा

ओल्शिनी, ११ जून

फेलाताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र न उघडताच खणात टाकशील, याची मला खात्री आहे. म्हणून पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'सगळे बरे आहेत'. ते खोटं आहे. फेब्रुवारीत आमची हेल्का गेली. विक्तोरची मुलगी, माझी एकुलती एक नात. तीन वर्षांची होती. छातीत कफ भरला म्हणून शहरातल्या दवाखान्यात नेली, तिथून ती परत आली नाही. तेव्हा तुला कळवलं नाही. आईच्या वेळी तू फुलांचं चक्र पाठवून मोकळी झालीस. आणखी एक चक्र ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती.

मी समेट करायला लिहीत नाहीये. आपलं भांडण आहे तिथे राहू दे, त्याला काही चारापाणी लागत नाही. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारावी असं या गावात दुसरं कुणी नाही, एवढंच.

माझी सून बोग्ना लुब्लिनची. इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या बागेत फिरायची आणि मला धडे द्यायची. "आई, तुमची स्ट्रॉबेरी ही बेरी नाहीच मुळी."

"मग काय बटाटा आहे?"

"तो फुलाचा फुगलेला देठ आहे. खरी फळं म्हणजे वरचे हे बारीक ठिपके. आणि रासबेरी म्हणजे चिमुकल्या फळांचा नुसता गठ्ठा."

"बरं. आणि बेरी कुठली गं, पंडितबाई?"

"टोमॅटो. काकडी. कलिंगड."

हेल्का तेव्हा पोटात होती. हसून हसून माझ्या पोटात कळ आली. तिच्याही आली, आणि मग तिला धरून मी आत आणलं. असे दिवस होते.

यंदा मेच्या अखेरीस ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, ते दोन जुलैचं काय असतं? शाळेत झाडलोट करणाऱ्या बाई मला बघून गप्प झाल्या."

मी सांगितलं. आपल्याला जसं आईने सांगितलं तसंच. दोन जुलैला मारियामाता वर गेलेल्या मुलांना हातात एकेक पत्र्याचा मग देऊन बेरी तोडायला घेऊन जाते. ज्या मुलाच्या आईने त्या वर्षी त्या दिवसाआधी तोंडात बेरी घातली, त्या मुलाचा तो मग रिकामाच राहतो. 'तुझा वाटा तुझ्या आईने खाल्ला,' असं त्याला सांगतात. म्हणून ज्यांचं मूल गेलंय त्या बायका वाट बघतात. मला वाटलं, ही शिकलेली मुलगी आता कपाळाला हात लावेल.

तिने कपाळाला हात लावला नाही. तिने विचारलं, "बेरी म्हणजे नक्की काय काय?"

"बेरी म्हणजे बेरी! पोर रानात मग घेऊन जातं आणि भरून आणतं ते. निळी बेरी, स्ट्रॉबेरी, रासबेरी. आणि चेरी."

"चेरीत कठीण आठळी असते, आई. ती बेरी नसते."

"वर कुणाला सांगणार आहेस तू हे?"

माझी जीभ मेली सैलच. तेव्हापासून तिने दोन्ही सोडलं, आपलं आणि पुस्तकातलंही. आपल्या बेऱ्या तर सोडल्याच, वर टोमॅटो नाही, काकडी नाही, ढोबळी मिरची नाही. मी मागच्या वर्षीच्या खारवलेल्या काकडीचं सूप केलं तर म्हणाली, खारवल्याने काकडीची जात बदलत नाही. बटाटे खाते, पण त्यांच्याकडेही संशयाने बघते. झाडाला वर हिरव्या गोळ्या धरतात, त्याही म्हणे बेऱ्याच. ब्रेड, बकव्हीटची खिचडी, थोडं दही. परवा कणीक मळताना तिची लग्नाची अंगठी कणकेत निघून आली. विक्तोर सकाळी ट्रॅक्टरवर बसतो तो संध्याकाळीच उतरतो. तो काही बोलत नाही, आणि मी जे बोलते ते उलटंच पडतं.

ताई, तुझा छोटा तोलेक गेला त्या वर्षी जूनमध्ये तू काय केलंस ते अख्ख्या गावाने पाहिलं. ते मी विचारत नाहीये. त्यानंतर तू जगलीस कशी, ते विचारतेय.

विहिरीजवळचं चेरीचं झाड अजून आहे, यंदा चांगलं लगडलंय. पक्षी खातात. मी नाही खात, जून आला की माझे दात दुखतात. दात आईवर गेलेत माझे.

पोला


ओल्शिनी, १९ जून

फेलाताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, तुझा स्वभाव मला काय नवा आहे? पण मी लिहिणार. टपालाचं तिकीट माझं आहे.

सोमवारी बोग्ना वर्गात फळ्यासमोर कोसळली. पोरं घाबरून रस्त्यावर पळत आली. डॉक्टर म्हणाला, आजार काही नाही, हिला खायला घाला. जसं काही मीच तिला उपाशी ठेवलंय! शेजारची साबिना पाद्रीबुवांना घेऊन आली. ते बिचारे खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मुली, हे धर्मग्रंथात कुठेही नाही. तू नि:शंक खा."

बोग्ना अगदी नम्रपणे म्हणाली, "फादर, ग्रंथात तर हेल्काही नाही."

त्यांनी चहा घेतला आणि गेले. साबिना दारातच मला म्हणाली, "तुझ्या सुनेचं डोकं पुस्तकांनी बिघडलंय. आमच्यात कुणी कधी काकडी सोडलीय का?" मी म्हटलं, "साबिना, तू तोंड सोडलंस तरी पुष्कळ होईल." आता तीही बोलत नाही. तुझ्यासारखीच.

पण लिहायचंय ते हे नाही. काल आम्ही दोघी बिटाच्या वाफ्यात तण काढत होतो. ऊन चांगलं होतं. मी म्हटलं, "अगं, दोन तारीख आता आलीच की. तोवर निदान टोमॅटो तरी खा, आमच्या मारियामातेला टोमॅटोचं काही नसतं."

ती खाली बघतच म्हणाली, "आता काय उपयोग आहे, आई? मी पहिल्याच दिवशी मोडलंय."

"काय मोडलंयस?"

"दवाखान्यात. विक्तोरने तिला केळं आणलं होतं. रात्री तिने अर्धं खाल्लं, उरलेलं सालीत गुंडाळून माझ्या हातात दिलं, म्हणाली 'उद्या'. सकाळी सगळं संपलं. नर्स कागद आणायला गेली, मी एकटीच होते. ते केळं खिशात होतं. मी खाल्लं." तिने हातातलं तण बाजूला टाकलं. "मला भूक लागली होती, आई. ती तिथे पडली होती आणि मला भूक लागली होती."

माझे हात चालूच होते. तणाबरोबर दोन चांगली बिटं उपटून टाकली मी.

"केळं म्हणजे बेरी नव्हे गं," शेवटी म्हटलं.

"असते. एका फुलाच्या एकाच बीजकोशातून होते, सगळी मऊ, आठळी नाही. मीच शिकवते. मला वाटलं, निदान बाकीचं सगळं सोडलं तर तिथे कुणीतरी ते विचारात घेईल."

म्हणजे इतके दिवस ती जे सोडत होती ते त्या अर्ध्या केळ्यापायी. आणि मी वेडी तिला काकडीवरून टोमणे मारत होते.

ताई, माझ्याशी बोलू नकोस. मला 'पोला' असंही लिहू नकोस. पण या मुलीला काहीतरी लिही. मी आई आहे, आजी आहे, पण माझा विक्तोर जिवंत आहे. मी काहीही बोलले तरी ते भरल्या पोटाचं बोलणं होतं. तुझं तसं होणार नाही.

पोला


शेचिन, २४ जून

पोला,

तुझं अक्षर अजून कोंबडी चालून गेल्यासारखंच आहे. दोन्ही पत्रं वाचली. पहिल्याचं उत्तर दिलं नाही, कारण तू प्रश्न बरोबर विचारला होतास आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

पुढचं तुझ्या सुनेला वाचून दाखव. मध्ये स्वतःचं काही घालू नकोस.

बोग्ना, मुली, तुझी सासू तुला सांगेल की मी त्या जूनमध्ये गावावर सूड म्हणून चेरीच्या झाडावर चढले. सगळे तेच सांगतात. तसं नव्हतं. तोलेक वसंतात घटसर्पाने गेला. तेव्हापासून मी चमचाभर काही गिळलं की ते परत यायचं. त्या दिवशी विहिरीवर पाणी काढत होते आणि वरून चेरीचा वास आला. पोटात असं काही कळवळलं की मला कळलंच नाही मी कधी वर चढले. दोन्ही हातांनी ओरबाडून खात होते. मला भूक लागली होती. आमची आई खाली येऊन उभी राहिली. कुंपणापलीकडे शेजारणी होत्या. आई म्हणाली, "खा, पोटभर खा. वर तुझं पोर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहील." मग मात्र मी मुद्दाम खाल्ल्या. फांदी रिकामी केली. त्याच हिवाळ्यात इथे आले, आणि त्या घराचा उंबरा परत ओलांडला नाही.

त्यानंतर मी चेरी तोंडात घातलेली नाही. जूनमध्ये नाही, जुलैत नाही, केकवरची सुद्धा नाही. माझ्या नवऱ्याला वाटायचं मला चेरीने पित्त होतं. आता म्हातारी झाले, कशावर विश्वास नाही, पण दोन जुलैला मी बंदरावर जाऊन बसते, कारण घरात बसवत नाही. पोलाने विचारलंय मी जगले कशी. अशी.

आता तुझं. केळं बेरी नाही. तुझ्या पुस्तकाला काय वाटायचं ते वाटू दे. वर जी मुलं आहेत ती तुझ्या वर्गात बसलेली नाहीत. गावातल्या कुठल्याही पोराला मग दे, रानात पाठव, बेरी आण म्हणावं. ते केळं घेऊन आलं तर मला कळव, मी माझे शब्द मागे घेईन.

आणि दुसरं, ते केळं हेल्काचं उष्टं होतं. मुलांचं उष्टं आईच संपवते. घरोघरी, रोज, उभ्या उभ्या, ताटं उचलताना. त्याने कुणाचा वाटा जात नाही. तिने ते तुझ्या हातात दिलं होतं, नर्सच्या नाही.

फेलित्सया

पोला, तुझ्या पत्राला तंबाखूचा वास येतो. परत ओढायला लागलीस का?


ओल्शिनी, २७ जून

आदरणीय मावशी,

आपण कधी भेटलेलो नाही. विक्तोरच्या कपाटात तुमचा एक फोटो आहे, त्यात तुम्ही सायकल धरून उभ्या आहात आणि कॅमेऱ्यावर चिडलेल्या दिसता. तुमचं पत्र आईंनी मोठ्याने वाचलं. मध्ये स्वतःचं काही घातलं नाही. तंबाखूचं मात्र त्यांनी वाचलं नाही, ते मी नंतर पाहिलं.

तुम्ही मला लिहिलंत, म्हणून मीही तुम्हाला लिहिणं भाग आहे. ही माझी विद्या आहे आणि मला दुसरं काही येत नाही. चेरी ही बेरी नाही. बेरीत गर शेवटपर्यंत मऊ असतो आणि बिया त्या गरातच पसरलेल्या असतात. चेरीत गराच्या आत लाकडासारखी आठळी असते आणि बी त्या आठळीच्या आत कुलूपबंद असतं. चेरी ही आलुबुखार आणि पीचच्या घरातली. हे मी दर वर्षी शिकवते आणि जो मुलगा परीक्षेत चेरीला बेरी लिहितो त्याचा गुण कापते. तुम्ही त्या दिवशी झाडावर एकही बेरी खाल्ली नाहीत. तोलेकचा मग भरलेला आहे. दर वर्षी भरलेलाच होता.

मला माहीत आहे, तुम्हाला हे पटणार नाही. तुमचंही मला पूर्ण पटलेलं नाही. तुमच्या बाबतीत मला इतकं स्पष्ट दिसतं की तुम्ही काही चूक केली नाहीत, की मी रागाने टेबलावर हात आपटला. आई म्हणाल्या, "बघ, आता तीही तुझ्याबद्दल शेचिनमध्ये टेबल बडवत असेल."

'उष्टं' हा शब्द मात्र मी दिवसभर घेऊन फिरले. हेल्का कशाचंही अर्धंच खायची. खिचडी, अंडं, ब्रेडची कड. सगळं मीच संपवायचे. ते मी विसरले होते.

काल मी काकडीचं सूप घेतलं. आईंनी बघू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसले, तर त्या आधीच चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. विक्तोरने मात्र बघितलं आणि उठून बाहेर गेला. मग मला विहिरीवर पाणी उपसल्याचा आवाज आला. तो तोंड धूत होता, बराच वेळ.

रानातल्या निळ्या बेऱ्या मी दोन तारखेपर्यंत खाणार नाही. त्या दोन्हीकडून बेऱ्याच आहेत, पुस्तकातही आणि इथेही.

एक विचारायचं होतं. आईंना म्हटलं, आता चेरी निर्दोष ठरली, तुम्ही तरी खा, झाड मोडायला आलंय. तर त्या म्हणाल्या दात दुखतात, आणि कोंबड्यांना हाकलायला गेल्या. तिथे कोंबड्या नव्हत्या. आणि त्या दातांनी अक्रोड फोडतात, मावशी, मी पाहिलंय. त्यांना काय झालंय, तुम्हाला माहीत आहे का?

तुमची,
बोग्ना


ओल्शिनी, ३ जुलै

फेलाताई,

हो, ओढते. दिवसाला दोन, अंगणात. झालं समाधान?

काल सकाळी आम्ही वेशीवरच्या मारियामातेच्या छोट्या देवळात गेलो. बोग्ना पहाटेच रानात गेली होती, निळ्या बेऱ्यांनी वाडगा भरून आणला. दरवर्षीसारखी गावातली पोरं पायरीवर वाट बघत होती, हातात मग घेऊन. पहिली ओंजळ पोरांची, मग आपण. साबिनाची नात सगळ्यात पुढे, आजीसारखीच धक्के मारत. बोग्नाने तिचा मग भरला. पोरीने तिथेच तोंड भरून खाल्लं, नंतर उरलेला अर्धा मग परत हिच्यासमोर धरला आणि म्हणाली, "बास. पोट भरलं."

बोग्ना त्या मगाकडे बघत राहिली. शेवटी तिने तो मग घेतला आणि ते उष्टं खाल्लं. तिथे पायरीवर बसून, एक एक करून. ओठ निळे झाले, दात निळे झाले आणि मग ती रडली. मोठ्याने, नाक ओढत, फेब्रुवारीत रडली नव्हती तशी. साबिना तिच्याजवळ बसली आणि एक शब्द बोलली नाही. त्या बाईला हे जमतं हे मला माहीतच नव्हतं. विक्तोरने तिला हाताला धरून घरी आणलं, आणि दुपारी तिने टोमॅटो कापला, वर मीठ घालून उभ्या उभ्या खाल्ला. मी बाहेर जाऊन एक ओढली.

आता तुझ्याबद्दल. बोग्नाने तुला माझ्या दातांचं विचारलंय, ते तिने मला काल सांगितलं. तुला काय माहीत असणार? ते तुला माहीत होऊ नये म्हणूनच मी गप्प होते.

आई झाडाखाली उभी राहून जे बोलली ते बोलली, ते मी पुसू शकत नाही. मी तिथे होते, मी ऐकलं. पण त्याच संध्याकाळी तिने ताटलीत काढलेल्या चेऱ्या मला दिल्या आणि म्हणाली, तू खा, माझे दात दुखतायत. पुढच्या जूनमध्येही दुखले. त्याच्या पुढच्याही. चेरी, स्ट्रॉबेरी, रानातली बेरी, काही नाही, दोन जुलैपर्यंत. मी मोठी झाले, लग्न केलं, विक्तोर झाला, तरी आईचे दात जूनमध्येच दुखायचे. मी चिडवायचे तिला. ती म्हणायची, "तुझे दुखतील तेव्हा कळेल."

शेवटच्या आजारात तिने एक दिवस माझा हात धरला. मला वाटलं जमिनीचं काही सांगणार. ती म्हणाली, "पोला, जूनमध्ये जरा सांभाळ हं. त्या पोराचं तिथे दुसरं कुणी नाही. फेला खाते."

तू खात नव्हतीस, हे तिला कुणी सांगणार? तू तर चक्रच पाठवलंस. आणि मी रागात होते, म्हणून तुला हे कळवलं नाही. वाटलं, तुला कळायचा हक्कच नाही. तेव्हापासून माझे दात दुखतात.

आता सूनबाई म्हणते चेरी ही बेरीच नव्हे. म्हणजे आईने आणि मी इतकी वर्षं फुकटच तोंड बांधून घेतलं. मी बोग्नाला हे म्हटलं तर ती म्हणाली, "फुकट कसं? तोलेककडे कुणाहीपेक्षा जास्त असेल." आणि परत रडली, पण या वेळी जेवता जेवता.

ताई, पुढच्या जूनमध्ये ये. स्टेशनवर विक्तोर येईल, तो माझ्यासारखा बोलत नाही, तुला बरं वाटेल. तुझ्या पोराचा वाटा आता तू सांभाळ. मी म्हातारी झाले, आणि मरायच्या आधी एकदा मला जूनमधली चेरी खायची आहे, विहिरीवर बसून, तुझ्यासमोर.

पोला